दमूताईंचं ऊन

१४ ऑक्टोबर १९६६. आज विहिरीमागचे झाप बदलले. विणलेल्या झावळ्या पावसाळ्यात कुजून काळ्या पडल्या होत्या, हात लावला की भुगा. धर्मा पाडेली आता थकला आहे, माडावर चढत नाही. त्याने खाली बसून सुंभ सोडवून दिलं, बांधाबांध मी केली. उंची पुरुषभर आणि वर वीतभर. छप्पर नाही. मदतीला आलेला गडी दर वर्षी विचारतोच, "बाय, छप्पर ऱ्हायला ना?" राहिलं नाही, नकोच आहे, असं सांगून मी त्याला पुढच्या कामाला लावते. सुधाचं पत्र आलं आहे. दिवाळीला येते, झाप बदलून ठेव.

झाप बांधताना दमूताईंची आठवण येते. गहिवरून वगैरे नाही. सुंभाची गाठ त्यांनी शिकवली होती आणि माझी गाठ अजून त्यांच्यासारखी बसत नाही, म्हणून येते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी दमूताई मुंबई सोडून आमच्या गावी भावाकडे आल्या. आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून एक गल्ली. त्यांचे भाऊ आप्पा गावातले मानाचे गृहस्थ. दमूताईंचं लग्न लवकर झालं, दुसऱ्याच वर्षी अंगावर कोड उठलं आणि नवऱ्याने त्यांना माहेरी आणून सोडलं. पुढे मुंबईच्या एका इस्पितळात त्यांनी नर्सचं काम केलं, गुडघे बोलायला लागले तेव्हा परत आल्या. दोन्ही हात कोपरांपर्यंत पांढरे, मान पांढरी, एका डोळ्याची पापणी पांढरी. एकाच ठाणातलं कापड अर्धं उन्हात राहून विटावं, तसं.

मी शिवणकाम करते. यजमान मुंबईला नोकरीला, घरात आई, माझी धाकटी बहीण सुधा आणि मी. दमूताई पहिल्यांदा आल्या त्या पोलकी शिवायला.

"बाह्या आखूड कर," त्या म्हणाल्या.

"कोपराखाली घेऊ का? बऱ्या दिसतील."

"कोणाला?"

मी बाह्या आखूड केल्या.

माप घ्यायला टेप उचलली की बायका आधी माफी मागतात. जरा सुटलेय हं. माझा उजवा खांदा उतरताच आहे. बाळंतपणानंतर पोट बसलंच नाही हो. पोट आत ओढतात, श्वास रोखतात, आणि मग पोलकं आवळतं म्हणून मलाच बोल लावतात. दमूताई खांबासारख्या सरळ उभ्या राहिल्या. माप घेताना गेल्या महिन्यात आंबोळीचं पीठ का फसलं ते सांगत होत्या. इतकं नेमकं बसलेलं पोलकं मी त्याआधी शिवलं नव्हतं.

त्यांचा आडोसा आप्पांच्या वाडीच्या टोकाला, विहिरीपलीकडे होता. चार खांब आणि झाप. थंडीच्या दिवसांत घरातली कामं आवरली की त्या आत जात, कपडे दोरीवर टाकत आणि तासभर उन्हात बसत. अंगावर सूतही नाही. सुरुवातीला बावचीचं तेल लावून बसायच्या, कोडावरचा तो जुना इलाज. तेलाने फोड आले तेव्हा तेल बंद केलं.

"औषध सोडलं, ऊन ठेवलं," त्या म्हणायच्या. "कोड जात नाही ते जाऊ दे. मला बरं वाटतं. अंग म्हणजे काय चोरीचा माल आहे, सदा बांधून ठेवायला?"

इस्पितळात एक परदेशी मेट्रन होती. तिने त्यांना सांगितलं होतं की तिच्या देशात माणसं समुद्रकाठी वस्त्या करून राहतात, म्हातारी, लठ्ठ, लंगडी, सगळी बिनकपड्यांची, बाया आणि बाप्ये मिळून. दमूताई हे वांग्याच्या भावासारखं सांगायच्या. त्यावर गंगू भंडारीण म्हणाली होती, "आगो बाय, मग फोडणी कोन घालतो त्यांच्यात?"

"एप्रन लावत असतील," दमूताई म्हणाल्या, आणि आत हसण्याचा असा गदारोळ झाला की मला दारातून ओरडावं लागलं, हळू, रस्ता जवळ आहे.

हो, मी दारात असे. आतल्या बायका हळूहळू जमल्या होत्या, कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. गंगू लहानपणी चुलीत पडली होती, मांडीपासून छातीपर्यंत कातडी ओढलेली. कमळाकाकूंचं मुंबईला छातीचं ऑपरेशन झालं होतं, एक बाजू सपाट. त्यांच्या पोलक्यात भरायची कापसाची उशी मीच शिवत असे. नवऱ्यानेसुद्धा ती बाजू पाहिली नव्हती. आडोशात त्या दोघी उन्हाला बसून वाल सोलत. रिकाम्या हातांनी बसायचं नाही हा दमूताईंचा दंडक होता. दुसरा दंडक, कोणी कोणाला इलाज सांगायचा नाही. तिसरा, बाहेर पडल्यावर आतलं बोलायचं नाही. मी पाट टाकून बाहेर बसे, हुकं-काजं करत आणि रस्ता राखत. मला उघडं बसायची हौस नव्हती, आजही नाही. दमूताईंनी त्यावरून एका शब्दाने डिवचलं नाही.

आडोसा चारही बाजूंनी बंद, पण वरून उघडा. आणि आमच्याकडे वरून बघणारा एकच माणूस असतो, नारळ काढणारा पाडेली. म्हणून आमच्या गावी रीत आहे. माडावर चढण्याआधी पाडेली हाक घालतो. न्हाणीत, विहिरीवर जी कोणी बाई असेल ती पदर सावरते किंवा आत जाते, मगच तो चढतो. धर्माची हाक खाडीपर्यंत जायची.

"हो ऽऽ बाया! माडावर चढतोय हो ऽऽ!"

आडोशातल्या बायका कपडे ओढून घेत. दमूताई मात्र बसल्या जागेवरून ओरडत, "चढ रे!" धर्मा समुद्राकडे तोंड करून चढायचा आणि तसाच उतरायचा. एकदा मी त्याला म्हटलं, तुला कानकोंडं वाटत नाही का? तो म्हणाला, "बाय, मी माडाला बगतो, माड मला बगतो. मधी कोन न्हाय."

सुधा तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पांढरा डाग उठला. आधी रुपयाएवढा, मग तळहाताएवढा, आणि तो मानेकडे सरकत होता. आईने अंथरूणच धरलं. कोड निघालेल्या घरात कोणी मुलगी देत नाही आणि तिथली मुलगी करतही नाही. मी रडत बसले नाही, सुधाच्या पोलक्यांचे गळे वर नेले. महिन्या-दोन महिन्यांनी बोटभर वर. आरशासमोर सुधा मान वळवून वळवून बघायची. जेवताना हात पाठीकडे जायचा. पदर पाठीभोवती लपेटून झोपायची. शेवटी ती एक दिवस आपण होऊन दमूताईंकडे गेली आणि आडोशात बसायला लागली. त्यानंतर हात पाठीकडे जाणं थांबलं. डाग तेवढाच होता.

त्याच हिवाळ्यात पेणचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, आई शहाणी, घर खाऊन-पिऊन सुखी. रविवारी बघायला यायचं ठरलं. गळा मानेशी नेऊन, हुकं पुढे घेऊन मी एक पोलकं बेतलं. लग्न होईपर्यंत कोणाला कळता कामा नये, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

"सांगून टाका," दमूताई म्हणाल्या.

"तुम्हाला सांगायला काय जातं," मी म्हटलं.

त्या आठवड्यात धर्मा तापाने पडला. नारळ उतरवायचे होते, म्हणून आप्पांनी श्रीवर्धनकडचा बाबू नावाचा पाडेली बोलावला. तरणा, कामसू, शब्दाला शब्द न देणारा. त्याच्या गावची रीत वेगळी होती, हे आम्हाला नंतर कळलं. तिकडे हाक घालत नाहीत. कोयत्याच्या पाठीने खोडावर तीनदा ठोकतात, थांबतात, आणि चढतात.

त्याने झापांच्या मागच्या बाजूला, मला दिसणार नाही अशा माडावर, रीतीप्रमाणे ठोकलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. गंगू म्हणाली, "कोन लाकडं फोडतो?" कमळाकाकू म्हणाल्या, "फोडू दे, आपल्याला काय." आणि वाल सोलणं पुढे चालू झालं. बाबूही बिचारा बराच वेळ थांबला असेल. कोणी काही बोललं नाही, म्हणजे खाली कोणी नाही असं समजून तो वर गेला.

मी दारातून पाहिलं तेव्हा तो निम्म्या माडावरून घसरत खाली येत होता. छाती सोलपटून निघाली होती. कोयता टाकून तो गल्लीत पळाला, "हडळी! उन्हात बसल्यात! चार चार हडळी!"

 मग दमूताईंचा आवाज आला. घाईचा नव्हता. "एकेक करून निघा. गंगू, तू विहिरीकडून. सुधा, पोलकं उलटं घातलंयस."

संध्याकाळपर्यंत गाव हडळींवर खूश होतं. मग आप्पा स्वतः आडोशात डोकावून आले आणि तिथे त्यांना वालाच्या सालींचा ढीग दिसला. हडळी वाल सोलत नाहीत. बाबूला बोलावून उलटतपासणी झाली. तो थरथरत सांगत होता, तोंडं बघितली न्हाय, शपथ हाय. एक तर तुमच्या भैनबाईच व्हत्या, पांढऱ्या हातांवरनं वळखू आल्या. एकीच्या पाठीवर तेवढा पांढरा डाग व्हता, विड्याच्या पानाएवढा.

म्हणजे गावात आणखी एका बाईला कोड होतं. ती कोण, हा एकच प्रश्न मग विहिरीवर, देवळात, दळणाच्या रांगेत सुरू झाला. आणि त्याचं उत्तर माहीत असणार असं सगळ्यांना वाटलं ती बाई म्हणजे मी. मापं मी घेते ना! दोन दिवसांत माझ्याकडे जेवढे खण आले तेवढे लग्नसराईतही येत नाहीत. खण पुढे करायचा, मशीनपाशी ठिय्या द्यायचा आणि हळूच, "काय गं, तुला तर ठाऊक असेल." सुधा आतल्या खोलीत. तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा मला मशीनवर ऐकू येत होता. एकीने तर थेट विचारलं, "सुधाचे गळे हल्ली बरेच वर घेतेस गं?"

"मुंबईला तशीच फॅशन आहे," मी म्हटलं आणि तिच्या खणाला कात्री लावली. कापड दोन अंगुळं जास्तच कापलं गेलं.

शुक्रवारी आप्पांच्या ओटीवर बोलावणं आलं. चारपाच पुरुष बसले होते. दमूताई खांबाशी उभ्या होत्या, बाह्या नेहमीसारख्या आखूड. आप्पांनी आधी मलाच विचारलं.

"गावातल्या बायकांची मापं तुम्ही घेता. पाठीवर डाग कोणाच्या आहे?"

"मापं मी कपड्यावरून घेते, आप्पा. कपड्याच्या आत काय ते ती बाई जाणे आणि तिचा देव."

 कोणीतरी हसलं. आप्पा बहिणीकडे वळले. "दमे, चारचौघात लाज आणलीस. उघड्याने बसायचं म्हणजे काय?"

"गेल्या शिमग्याला नागवा साधू आला, त्याच्या पायावर डोकं ठेवलंस तू. कोळी एका रुमालावर बाजारातून फिरतात, त्यांच्याकडून तू मासळी घेतोस."

"ते पुरुष आहेत. आणि तो साधू होता."

"म्हणजे माझ्या दोन चुका झाल्या. बाई झाले ही एक, साधू झाले नाही ही दुसरी."

"वाकडं बोलू नकोस. बाकीच्या तिघी कोण?"

दमूताईंनी पदर खोचला. "कोणी नाही. चारही मीच."

"चार कशी असशील तू?"

"पोरगं भ्यालं होतं. भ्यालेल्याला एकीच्या चार दिसतात. आणि डाग म्हणशील तर," त्यांनी दोन्ही हात पुढे केले, "हवे तेवढे आहेत. मोजून घे."

 हे खोटं आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण त्या तिघींमध्ये आपली बायको, सून किंवा बहीण नाही, याची खात्री त्या चारपाच जणांतल्या एकालाही नव्हती. कमळाकाकूंचे यजमान तर जमिनीकडेच बघत होते. खोटं सगळ्यांच्या सोयीचं होतं. ते तिथल्या तिथे पास झालं.

"मग तुला इथे राहता येणार नाही," आप्पा म्हणाले. आवाज जरा कापला, पण म्हणाले.

"सोमवारच्या लाँचने जाते," दमूताई म्हणाल्या. जणू बाजाराला जायचं होतं.

शनिवारी आडोसा उतरवला. आप्पांनी सांगितलं होतं, तोडून टाका. धर्मा तापातून उठून आला आणि कोयता न लावता त्याने एकेक गाठ सोडवली. झाप चुलीत गेले. खांब चांगले सागाचे होते, ते मी उचलून आमच्या परसात आणून टाकले. चांगलं लाकूड कशाला वाया घालवायचं?

रविवारी पेणची मंडळी आली. मुलगा, त्याची आई, एक मामा. सुधाने ते पोलकं घातलं होतं. गळा अगदी मानेच्या केसांपर्यंत, शिवण कुठे दिसत नव्हती. माझं लक्ष तिच्या चालण्याकडे, वाकण्याकडे, पदराच्या प्रत्येक सुरकुतीकडे. तिने पोह्यांच्या बश्या ठेवल्या. मुलाच्या आईने दोनचार प्रश्न विचारले, स्वयंपाक, शिक्षण. मग चमचा हातात धरून म्हणाली, "तुमच्या गावात परवा काहीतरी झालं म्हणे?"

आई घाईघाईने म्हणाली, "ती बाई उद्या जातेय हो गावातून. कोडाची आहे, डोक्यानेही जरा तशीच. आमचा तिच्याशी काही संबंध नाही."

सुधाने हातातला ट्रे खाली ठेवला.

"संबंध आहे," ती म्हणाली. "त्यातली एक मी होते. पाठीवरचा डाग माझा."

आईने तोंडाला पदर लावला. मुलगा आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. त्याच्या आईने मात्र सुधाकडे सरळ पाहिलं.

"केवढा आहे?"

"तळहाताएवढा. वाढतोय."

"सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. उरलेले पोहे तिने संपवले, टाकले नाहीत. "कळवतो आम्ही."

कळवलं नाही. ते जाताना दारातच मला समजलं होतं.

माझा संताप झाला. दोन दिवस मी त्या गळ्यावर घालवले होते. माझं राहू दे, दमूताईंनी राहतं घर घालवलं होतं. "एवढं झाकलं सगळ्यांनी मिळून," मी सुधाला म्हटलं, "तुला एक दिवस गप्प बसता आलं नाही?"

"आई म्हणाली आमचा संबंध नाही," ती म्हणाली. "आणि त्या उद्या जाणार. मग कधी सांगायचं होतं, ताई?"

सोमवारी मी आणि सुधा एसटीने रेवसला गेलो. आप्पा आले नव्हते, गड्याबरोबर ट्रंक पाठवली होती. धक्क्यावर दमूताई ट्रंकेवर बसून पावाचा तुकडा चहात बुडवत होत्या. मुंबईला एका जुन्या नर्स मैत्रिणीच्या खोलीत राहणार होत्या. "तिच्या चाळीला गच्ची आहे का?" मी विचारलं. "आहे. पण समोर दुसरी चाळ आहे," त्या म्हणाल्या. तेवढा एकदाच त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

सुधाने रविवारचं सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या तिला जवळ घेतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि फाडकन बोलल्या, "अगं बये! मी घर सोडलं ते तुला झाकायला, आणि तू उघडी होऊन मोकळी? शनिवारी सांगायला काय झालं होतं? निदान माझे झाप तरी वाचले असते!" आणि मग हसू लागल्या. खोकला येईपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. सुधाही हसत होती. मी ट्रंकेची कडी नीट लागली आहे का ते बघत होते.

लाँच सुटली. वारा भरपूर होता. कठड्याशी उभ्या राहिलेल्या बायकांनी डोक्यावरचे पदर दातांत, मुठीत, जमेल तिथे धरले होते. दमूताईंचे दोन्ही पांढरे हात कठड्यावर होते. त्यांचा पदर उडाला आणि मागच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जाऊन बसला. त्याने तो अदबीने सोडवून त्यांच्या खांद्यावर ठेवला. पुन्हा उडाला, पुन्हा त्याने ठेवला. त्यांचं लक्षच नव्हतं. त्या आमच्याकडे बघत होत्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

पुढे सुधा मास्तरीण झाली आणि उशिरा लग्न केलं, आधी डाग दाखवून. ते तिचं ती लिहील.

रेवसहून परतलो तेव्हा वाटेत गंगू उभी होती. "वाल सुकलंत," एवढंच म्हणाली. "सोलायचं कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धर्माला बोलावलं. परसात पडलेले सागाचे खांब दाखवले आणि आमच्या विहिरीमागे चार खड्डे घ्यायला सांगितले. तो घेऊ लागला. तिसऱ्या खड्ड्याशी थांबला.

"बाय, छप्पर?"

"नको."

त्याने वर माडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. मंग पोरांना सांगतो, हाक घालूनच चढा."

"हाक घालायची," मी म्हटलं, "आणि कोयत्याने ठोकायचं पण. दोन्ही."